लाडू, पाटल्या आणि उपसंच

रव्याच्या लाडवात रवा, तूप, साखर. बेसनाच्या लाडवात बेसन, तूप, साखर. रवा-बेसनाच्या लाडवात हे चारही. (वेलदोडा आणि बेदाणे तूर्त बाजूला ठेवूया.) रव्याच्या लाडवाचं सगळं साहित्य रवा-बेसनात येतं, बेसनाचंही येतं. पण नुसता रवा आणि नुसतं बेसन, यांत मोठा कोण? कोणीच नाही. आणि दोघे सारखेही नाहीत.

एम.एस्सी.ला 'अंशतः क्रम' शिकताना मी वहीच्या कडेला हे लाडूच लिहून ठेवले होते. एक संच दुसऱ्याचा उपसंच असेल तर त्याला खाली ठेवायचं, एवढीच कल्पना. प्रत्येक संच स्वतःत मावतो. दोन संच एकमेकांत मावले तर ते एकच असतात. आणि पहिला दुसऱ्यात, दुसरा तिसऱ्यात मावला तर पहिला तिसऱ्यात मावतोच. संख्यांमध्ये याशिवाय आणखी एक सोय असते: कुठल्याही दोन घ्या, लहान-मोठ्याचा निकाल लागतो. संचांवर तशी सक्ती नाही. फेलिक्स हाउसडॉर्फ या जर्मन गणितज्ञाच्या १९१४च्या पुस्तकात अशा क्रमांचा विचार आहे, म्हणजे गोष्ट शंभर वर्षांहून जुनी. आमच्या घरी मात्र ती पोचली नव्हती.

आमचं घर वडोदऱ्यात, दांडिया बाजारात. आजी दोन वर्षं अंथरुणावर होती. ती गेल्यावर तिच्या सोन्याच्या पाटल्या कुणाकडे जाव्यात यावरून बाबा आणि आत्या यांचं बोलणं बंद झालं. मुद्दा सोन्याचा नव्हताच. 'आईचं जास्त कुणी केलं' हा होता. हैदराबादचा काका फोनवर दोघांनाही हो म्हणायचा, त्यामुळे दोघेही त्याच्यावर चिडलेले.

एका रविवारी मी कामांची यादी केली. औषधं आणणं, डॉक्टरकडे नेणं, पेन्शनसाठी बँकेत जाणं, रात्री उठणं, अंघोळ घालणं, जेवण भरवणं, अंथरूण बदलणं, पोथी वाचून दाखवणं, फिजिओथेरपीचे पैसे देणं, रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करणं. दहा कामं झाली. मग प्रत्येकाचा संच.

त्याआधी एक हिशेब सांगते, मला तो फार आवडतो. दोन माणसं आणि एक काम घेतलं तर चार शक्यता: दोघांनी केलं, कोणीच नाही, फक्त पहिल्याने, फक्त दुसऱ्याने. पहिल्याचा संच दुसऱ्यात मावायचा असेल तर 'फक्त पहिल्याने' ही शक्यता बाद, उरल्या तीन. कोणी काय केलं हे नाणं उडवून ठरवलं असं धरा. कामं तीनच असतील तर एकाचा संच दुसऱ्यात मावण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के. कामं दहा झाली की तीच ११ टक्क्यांवर येते. आपण माणसाकडे जितकं बारकाईने बघू, तितका तो कमी तुलना करण्याजोगा होत जातो.

माझा संच आत्याच्या संचात पूर्ण मावला: औषधं, जेवण, पोथी. तिने शिवाय अंघोळही घातली होती. काका सगळ्यांपासून वेगळाच, त्याची दोन कामं दुसऱ्या कुणीच केली नव्हती. बाबांची चार होती: औषधं, डॉक्टर, बँक, रात्रीचं उठणं. आत्याने बँक केली नव्हती, बाबांनी अंघोळ. म्हणजे ज्यांचं भांडण होतं त्या दोघांची तुलनाच होत नव्हती.

सगळ्यात शेवटी आईचा संच लिहिला. तिचं नाव या भांडणात कोणी घेतलंच नव्हतं, तिने स्वतःही नाही. पहिली सात कामं तिची. बाबांची चारही त्यात. फक्त पोथी नव्हती, कारण त्या वेळी ती स्वयंपाकघरात असायची.

मी आकृती काढली, हेल्मुट हासे यांच्या नावाने ओळखली जाते तशी: मोठा संच वर, लहान खाली, मध्ये रेघ. आईखाली बाबा, आत्याखाली मी, काका एकटा. संचाला 'किती वेळा' हे कळत नाही, ही या पद्धतीची मोठी उणीव. आई किती रात्री उठली ते त्यात दिसत नाही.

बाबांनी कागद बराच वेळ बघितला. "बँकेतसुद्धा ती गेली होती?"

"दोनदा. तुम्ही टूरवर होतात."

मग म्हणाले, "पण नंबर तर लावता येईलच ना?" येतो. कुठलाही अंशतः क्रम एका सरळ रांगेत बसवता येतो, हे श्पिलराइन यांनी १९३० मध्ये सिद्ध केलं आहे. पण रांगा अनेक निघतात. तीन वस्तूंचे आठ उपसंच घेतले तरी ४८ रांगा, आणि सगळ्या नियमात बसणाऱ्या. त्यातली कुठली निवडायची ते गणित सांगत नाही. अंघोळ वर की पैसे वर, हे आपणच ठरवतो आणि मग न्याय झाला म्हणतो.

बाबांनी कागदाचा फोटो काढून आत्याला पाठवला. रात्री तिचा फोन आला तो बाबांना नाही, आईला. दोघी तासभर बोलल्या, दार लावून. पाटल्या अजून लॉकरमध्येच आहेत.