दहावीची बॅच, कापूस आणि भरीत

दहावीची बॅच पुन्हा जमवायची म्हटलं की आपण पुणेवाले आधी काय करतो? एक्सेल उघडतो. आमच्या जळगावच्या वर्गाचंही तसंच झालं. दिवाळीतला रविवार, चांगलं हॉटेल, डोईमागे दोन हजार. ग्रुपवर आम्ही आयटीवाले धडाधड 'येतोय' म्हणालो. गावात राहिलेले मात्र गप्प.

मग धुळ्याजवळ शेती करणाऱ्या मित्राला सरळ फोन लावला. तो म्हणाला, "भो, दिवाळीत कापूस वेचायला मजूर मिळत नाही, मी कसा येऊ? आणि दोन हजार रुपये एका जेवणाचे?"

तारीख जानेवारीवर गेली, हॉटेल बाद झालं. एकाच्या शेतात भरीत पार्टी ठरली. जळगावच्या भरताच्या वांग्यांना २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालंय, पण तुरकाठ्यांवर भाजून कळण्याच्या पुरीशी खाल्ल्याशिवाय ते कळत नाही! वांगी शेतातलीच, त्यामुळे वर्गणी दीडशेवर आली. आणि जे गप्प होते तेच आता यजमान झाले, आम्ही पाहुणे.

तुम्हीही बॅच जमवत असाल तर तारीख आधी गावातल्या मित्रांना विचारा. आपल्याला रजा टाकता येते, कापसाला नाही.