उसनी ऊब

आमच्या लोखंडी ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या वासात सहा स्वेटर झोपलेले असतात. सहाही फौजी धाटणीचे. चार हिरवे, एक खाकी, एक गडद निळा. उर्दू शाळेच्या मास्तराने असला शौक करावा का, असे आमची बेगम दर हिवाळ्यात विचारते. पण नाशिक जिल्ह्याची थंडी ज्याने सोसली आहे, तो आम्हाला माफ करील. निफाडकडे पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि आमची शाळा सकाळी सातला भरते.

पहिला स्वेटर बी.एड. करताना घेतला. देवळाली कॅम्पात तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे; छावणीच्या गावात असा माल हिंडता-फिरता दिसतो. जुन्या कपड्यांच्या दुकानात दोनशे रुपयांत मिळाला. कोपरावर आणि खांद्यावर जाड कापडाचे तुकडे शिवलेले. बंदुकीचा पट्टा आणि पाठीवरचे ओझे खांद्यावर घासते, जमिनीवर सरपटताना कोपर घासतात, म्हणून ही तजवीज. आमच्या खांद्यावर फक्त वह्यांची पिशवी, तरी त्या तुकड्यांचा आम्हाला फार अभिमान! घरी अम्मीने तो रिठ्याच्या पाण्यात धुतला आणि खाटेवर पसरून सावलीत वाळवला. ओला लोकरी कपडा दोरीवर टांगला की स्वतःच्या वजनाने लोंबतो, हे तिने आम्हाला तेव्हा शिकवले.

मग नाद लागला. नादाबरोबर वाचनही आले. कार्डिगन हे नाव एका इंग्रज उमरावाचे. 1854 साली क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हा येथे घोडदळाच्या त्या प्रसिद्ध चढाईत तो पुढे होता. आमच्या अब्बांची माकडटोपी इंग्रजीत त्याच बालाक्लाव्हाच्या नावाने ओळखली जाते. ‘खाकी’ तर आपल्या घरचा शब्द. खाक म्हणजे माती. आणि ज्या भाषेत आम्ही शिकवतो तिचे नावच मुळी तुर्की; उर्दू म्हणजे लष्कराची छावणी. दुसऱ्या बाजूला ‘सूफ’ म्हणजे लोकर. लोकरीचा जाडाभरडा झगा घालणारे ते सूफी, असे बहुतेक जाणकार सांगतात. एकाच लोकरीत शिपाईही आणि फकीरही! वर्गात हे सांगितले की मागच्या बाकावरची पोरेसुद्धा कान टवकारतात.

पण आमच्या शौकाची खरी गोष्ट वेगळीच आहे. ती आजवर कोणाला सांगितली नाही.

2015 च्या डिसेंबरात मनमाडहून गाडीत चढलो. डबा खच्चून भरलेला. आमची दाढी आणि डोक्यावरची टोपी पाहून एरवी लोक जरा अंग चोरून बसतात. त्याची सवय झाली आहे. त्या दिवशी मात्र अंगावर खांदपट्ट्यांची हिरवी जर्सी होती. एक गृहस्थ चटकन सरकले आणि म्हणाले, “या, बसा. फौजेत आहात ना?”

आम्ही हसलो आणि बसलो. ‘हो’ म्हटले नाही. ‘नाही’ही म्हटले नाही. कोणी चहा पुढे केला, तो घेतला. पोरांनी सरहद्दीबद्दल विचारले, तेव्हा खिडकीबाहेर पाहू लागलो. त्या तासाभरात जी इज्जत मिळाली ती गोड लागली, हे कबूल करायला हवे. दाढीच्या आधी कोणीतरी आमचा स्वेटर पाहिला होता.

समोर साताऱ्याकडचे एक म्हातारे बाबा बसले होते. उतरायच्या वेळी ते दारापाशी आमच्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “मी हवालदार म्हणून रिटायर झालो. आमच्या पलटणीत शिखांशिवाय कोणी दाढी ठेवत नव्हतं. तुम्ही काय करता?”

“मास्तर आहे. उर्दू शाळेत.”

“मग तसं सांगायचं होतं मास्तर. स्वेटर घाला, ऊब काय फौजेच्या मालकीची नाही. पण गप्प बसू नका. आणि मास्तर म्हणून जागा मिळत नसेल, तर ती मागायला शिका.”

आम्ही मान खाली घातली. चारचौघांत त्यांनी आमची अब्रू राखली होती.

लगेच 2016 च्या जानेवारीत पठाणकोटचा हल्ला झाला. लष्करी धाटणीचे कपडे घालू नका, असे आवाहन लष्कराने नागरिकांना केले. सैनिक असल्याचे भासवण्यासाठी तसा पोशाख घालणे हा कायद्याने गुन्हा आहे, हेही तेव्हाच कळले. आमचा हेतू फसवण्याचा नव्हता, असे मनाला समजावले. पण तो तास आठवला की समजूत पटेना. एका रात्री कात्री घेऊन बसलो आणि सहाही स्वेटरांच्या खांदपट्ट्या उसवल्या. वर्षभर ते बाहेर काढले नाहीत.

आता थंडीत एखादा पुन्हा घालतो, तो फक्त शाळेपुरता. उसवलेल्या टाक्यांची भोके अजून दिसतात. गेल्या हिवाळ्यात पाचवीतल्या एका पोराने विचारले, “सर, आप फौज में थे?”

“नहीं बेटा,” आम्ही लगेच म्हणालो, “हम मास्टर हैं.”

पोर जरा हिरमुसले. आम्हाला मात्र पहिल्यांदाच त्या स्वेटरची ऊब आमची स्वतःची वाटली.