यादीतला गिझर

वाघोलीतल्या त्या टू बीएचकेचं भाडं आजूबाजूच्या घरांपेक्षा दोन हजारांनी जास्त होतं. त्याचं कारण जाहिरातीतच दिलेलं होतं. बाथरूममध्ये गिझर, स्वयंपाकघरात फ्रिज आणि वॉटर प्युरिफायर, बेडरूममध्ये एसी, बाल्कनीत वॉशिंग मशीन. म्हणजे यातलं काहीही आम्हाला फुकट मिळालेलं नव्हतं. दर महिन्याला त्याचे पैसे आम्ही भाड्यातून मोजत होतो. पुढच्या सगळ्या वादात मी हा मुद्दा धरून ठेवला.

कराराच्या दिवशी एजंट अंगठ्याचं यंत्र आणि लॅपटॉप घेऊन आला. आपल्याकडे पुष्कळांना वाटतं की अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही. महाराष्ट्रात तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदलेलाच हवा, मुदत कितीही असो. ती जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी केलेली नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं असल्याचं मालकाला सिद्ध करावं लागतं.

आमच्या करारात शेवटी सामानाचा आणि उपकरणांचा तक्ता होता. एजंट तो रिकामाच सोडून पुढे निघाला होता. मी त्याला थांबवलं आणि एकेक वस्तू लिहायला लावली. वॉशिंग मशीनपाशी घरमालक काका म्हणाले, "ते जुनं आहे हो. वापरा तुम्ही, पण यादीत नको." मी आग्रह केला, त्यांनी ऐकलं नाही.

डिसेंबरात गिझरचं बटण दाबलं की अख्ख्या घराची वीज जायला लागली. सासूबाईंना संधिवात आहे, त्यात थंडीचे दिवस. गॅसवर पातेली तापवून त्यांच्या आंघोळीचं पाणी काढावं लागे आणि उकळतं पातेलं उचलून बाथरूमपर्यंत नेताना रोज जीव मुठीत असे. सोसायटीच्या वायरमनने गिझर उघडला. आमच्याकडे बोअरचं आणि टँकरचं पाणी, त्यात क्षार भरपूर. कॉइलवर पांढरा जाड थर बसून ती फुटली होती आणि वीज पाण्यात उतरत होती. म्हणून वीज गळताच पुरवठा तोडणारा ईएलसीबी पडत होता. तो पडत होता हे आमचं नशीबच, असं वायरमन म्हणाला. टाकी आतून गंजू नये म्हणून गिझरमध्ये मॅग्नेशियमचा रॉड असतो. टाकीऐवजी तो झिजतो, त्यामुळे ठरावीक काळाने बदलावा लागतो. आमच्या गिझरमध्ये त्याची नुसती तार उरली होती आणि टाकीचा तळ गंजला होता. हे काही महिन्यांत होणारं काम नव्हे. मी त्याच्याकडून तेवढं लिहून घेतलं, खाली सही आणि तारीख घेतली, फोटो काढले.

काकांना फोन केला. ते म्हणाले, "तुम्ही आलात तेव्हा चालू होता ना? मग वापरून तुम्हीच बिघडवला." मग एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर पाठवला: कायद्याप्रमाणे गिझरची दुरुस्ती भाडेकरूने करायची असते. हे साफ खोटं नव्हतं, म्हणूनच घातक होतं. केंद्राने २०२१ साली राज्यांना पाठवलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या परिशिष्टात गिझरची दुरुस्ती खरोखरच भाडेकरूच्या खात्यात टाकलेली आहे. पण राज्याने स्वतः तसा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि आमचा करार होता १९९९ च्या कायद्याखालचा. शिवाय त्या आदर्श कायद्यातही करारात वेगळं ठरवायला जागा ठेवलेली आहे.

नात्यातल्या एका वकील ताईंना मी करार दाखवला. त्यांनी आधी माझ्या डोक्यातला एक गैरसमज काढला. मी कुठेतरी वाचलं होतं की मालकाला पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, त्याने दुरुस्ती केली नाही तर आपण करायची आणि भाड्यातून पैसे वळते करायचे. तशी तरतूद कलम १४ मध्ये आहे. पण ती भाडेकरूसाठी आहे, आणि लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या नजरेत भाडेकरू नसतो. त्याला फक्त राहण्याची परवानगी असते. त्यामुळे परस्पर भाडं कापलं की उलट आपल्यावरच थकबाकीचा ठपका येऊ शकतो. कलम २९ वीज-पाणी तोडण्याबद्दलचं आहे, गरम पाणी त्यात बसत नाही. "तुझा हक्क या करारातच आहे," ताई म्हणाल्या, आणि तक्त्यातल्या गिझरच्या ओळीवर बोट ठेवलं. दुसरं बोट एका कलमावर: राहणाऱ्याने केलेलं नुकसान राहणाऱ्याने भरून द्यायचं, मात्र नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून. क्षाराने फुटलेली कॉइल ही झीजच.

मी काकांना पत्र लिहिलं. भांडणाचं नव्हे, पण एकही गोष्ट मोघम ठेवली नाही. कराराचा नोंदणी क्रमांक, तक्त्यातली ओळ, बिघाड कधी झाला, वायरमनचं म्हणणं, फोटो, नव्या गिझरची किंमत, आणि काम कधीपर्यंत हवं ती तारीख. ई-मेल केला, वर स्पीड पोस्टनेही पाठवलं. भाडं ठरल्या तारखेला पूर्ण भरलं, तेही मुद्दाम त्याच पत्रात नमूद केलं.

काकांचा फोन आला, आवाज चढलेला. "पटत नसेल तर घर सोडा." मी शांतपणे सांगितलं की करारातली लॉक-इनची, म्हणजे करार मोडता न येण्याची, मुदत दोघांनाही बांधून आहे. मग ते स्वतः येऊन गिझर पाहून गेले. टाकीचा तळ बघून काही बोलले नाहीत. वाईट माणूस नव्हता तो. निवृत्तीनंतर त्या भाड्यावरच त्यांचा महिन्याचा खर्च चालत होता, आणि घराला लागलेला प्रत्येक पैसा त्यांना आपल्या ताटातून गेल्यासारखा वाटे. मला ते कळत होतं. तरी सासूबाईंची थंडीतली आंघोळ त्यात भागत नव्हती.

शेवटी ठरलं की नवा गिझर आम्ही आणायचा आणि ती रक्कम पुढच्या भाड्यातून वजा करायची. हे मी त्यांच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतल्यावरच दुकानात गेले. बिल त्यांच्या नावे केलं, कारण गिझर त्यांचा. जुना गिझर देऊन जे पैसे सुटले तेही त्यांच्याच हिशेबात धरले.

वॉशिंग मशीन उन्हाळ्यात बंद पडलं. जाहिरातीचा फोटो मी जपून ठेवला होता, तो त्यांना दाखवला. त्यांनी यादीकडे बोट दाखवलं, आणि मला पुढे जाता आलं नाही. धुणं मग हातानेच. याची मला आजही चीड येते, कारण त्या मशीनचा फोटो दाखवूनच घर भाड्याने दिलं होतं.

घर सोडताना काकांनी डिपॉझिटमधून त्याच मशीनच्या दुरुस्तीचे पैसे कापायला काढले. मी करार उघडून पुढे ठेवला. जी वस्तू यादीत नाही ती ताब्यात दिल्याची नोंदही नाही, मग तिचं नुकसान कुणाकडून भरून घेणार? काकांनी तक्ता दोनदा वाचला आणि डिपॉझिट पूर्ण परत केलं.

नव्या घरी तो तक्ता पानभर झाला आहे. प्रत्येक वस्तूचं मॉडेल, अनुक्रमांक, आजची अवस्था, आणि बिघडल्यास खर्च कुणाचा. घरमालकीणबाई शेजारी बसून वाचत होत्या. वॉटर प्युरिफायरपाशी त्यांनीच एजंटला थांबवून एक ओळ वाढवायला लावली: फिल्टर राहणाऱ्याने बदलायचा, मोटर गेली तर मालकाने.