हिरव्या इंजिनाची ओळख

इचलकरंजीला लागून असलेलें आमचें कबनूर प्रवासवर्णनांत सहसा सांपडावयाचें नाहीं. येथें प्रेक्षणीय म्हणावें असें फारसें कांहीं नाहीं. श्रवणीय मात्र पुष्कळ आहे. यंत्रमागांचा खडखडाट येथें इतका अंगवळणीं पडलेला असतो कीं, कबनुरांत वाढलेल्या माणसाला परगांवीं पहिल्या रात्रीं झोंप येत नाहीं, ती शांततेमुळें! इचलकरंजीचे जहागीरदार श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या उत्तेजनानें विठ्ठलराव दातार यांनीं 1904 सालीं तेथें पहिला यंत्रमाग बसविला. त्यांच्या गिरणीचें नांव ‘व्यंकटेश रंगतंतू मिल’. हें नांव मला फार आवडतें. कापडावर पोट असलेल्या मुलखांत रंग ही नुसती शोभेची वस्तु नसते. लुगड्याचा काठ आणि रंग पाहून तें कोठल्या पेठेचें, हें आमच्या घरच्या वडीलधाऱ्या बायका दुरून सांगत. हीच विद्या एके दिवशीं आगगाडीच्या इंजिनाला लावावी लागेल, असें मात्र मला कधीं वाटलें नव्हतें.

गेल्या दिवाळीपूर्वीं माळा आवरतांना धाकट्या काकांची पत्र्याची ट्रंक खालीं आली. काकांना जाऊन आतां बारा वर्षें झालीं. ट्रंकेंत मागाच्या सुट्या भागांचीं चित्रें, दोन पाने आणि जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेलें एक खेळांतलें इंजिन निघालें. लांबी जेमतेम अर्धी वीत. सहा चाकें दांड्यांनीं एकमेकांस जोडलेलीं. चालकाची खोली मधोमध नसून मागल्या अंगाला सरकलेली. अंगाचा रंग गर्द हिरवा, आणि त्यावर पिवळा पट्टा.

काका जोडारी कामांत निष्णात होते. 1983 सालीं ते यंत्रें पाहण्यासाठीं तीन आठवडे म्हणून जर्मनीस गेले आणि सहा आठवड्यांनीं परतले. मधल्या काळांत आमची आजी वारली. काका आले तेव्हां तेराव्याचा मांडवसुद्धां उतरला होता. “आई गेली, आणि हा तिकडे मौज करीत राहिला,” हा बोल घरांत तेव्हां उमटला, तो कधीं पुरता पुसला गेला नाहीं. काका त्यावर बोलत नसत, आणि काकू तो मुकाट्यानें ऐकत आल्या.

इंजिन पाहून माझ्या पुतण्याच्या मुलानें तात्काळ निर्णय दिला. “आजोबा, हें जर्मन इंजिन आहे, व्ही-साठ. पण तें लाल असतं. हें कुणीतरी चुकीचं रंगवलंय. मी लाल करूं?” काकू म्हणाल्या, “कर हो, बाळ. नाहींतरी माळ्यावर पडूनच होतं.” मीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली. जी वस्तु आपल्याला अजून ओळखतां येत नाहीं, तिच्यावर कुंचला चालवूं नये, एवढेंच माझें म्हणणें होतें.

मुलाचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. डबे इकडून तिकडे ढकलून गाड्या जुळविणारें जें इंजिन, तें शंटिंगचें इंजिन. पश्चिम जर्मनीच्या रेल्वेनें 1955 पासून पुढें ह्या कामासाठीं व्ही-साठ जातीचीं डिझेल इंजिनें मोठ्या संख्येनें घेतलीं. तीं प्रथम जांभळट लाल होतीं. 1974 नंतर त्यांतील कांहीं निळ्या व दुधी रंगांत आलीं. 1987 पासून पुन्हा निराळ्या छटेचा तांबडा रंग आला. हिरव्याचा त्यांत पत्ता नाहीं. मग हें हिरवें कोठलें?

ह्याचा उलगडा करण्यासाठीं आम्ही दोघे हातकणंगल्याहून पुण्याच्या गाडींत बसलों. कोल्हापूर संस्थानची मिरजेपर्यंतची ही लोहवाट 1891 सालीं सुरू झाली, तेव्हां ती मीटरमापी होती. आज तिच्यावर रुंद मापाच्या गाड्या धांवतात. मिरज स्टेशनांत गाडी थांबली तेव्हां मीं मुलाला सांगितलें कीं, आपल्याकडेही डिझेल इंजिनांचे रंग शेडीगणिक बदलत असत, आणि रंग पाहून इंजिन कोठल्या शेडचें हें जाणकार फलाटावरूनच सांगत. “म्हणजे लुगड्यासारखंच!” तो म्हणाला. मला धन्य वाटलें.

पुण्यास कोथरूड येथें भाऊसाहेब जोशी यांनीं उभारलेलें छोट्या रेल्वेचें संग्रहालय आहे. तें 1998 सालीं सुरू झालें. एका दालनांत सबंध नगर मांडलेलें असून त्यांतून गाड्या धांवतात, सिग्नल पडतात, दिवे लागतात. युरोपांतील रूढ रूळमाप 1,435 मिलिमीटर. त्याला 87 नें भागलें म्हणजे साडेसोळा मिलिमीटर येतात, आणि एच-ओ नांवाच्या प्रमाणांतील खेळाच्या रुळांचें माप हेंच होय. व्ही-साठ इंजिनाची लांबी 10.45 मीटर, तिलाही 87 नें भागा, बारा सेंटिमीटर होतात. आमचें इंजिन पट्टीवर बरोबर बारा भरलें. म्हणजे साचा व्ही-साठचाच, ह्यांत शंका उरली नाहीं. परंतु धांवत्या गाड्या पाहतां पाहतां एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. आकृति सांगते ती घडणावळ. मालक कोण हें सांगतो तो रंग. दोहोंची गल्लत केली कीं माणूस फसतो.

ह्याचें एक सुंदर उदाहरण हॉलंडांत आहे. इंग्लिश इलेक्ट्रिक ह्या ब्रिटिश कंपनीनें डच रेल्वेला जीं शंटिंग इंजिनें दिलीं, तीं ब्रिटनमधल्या इंजिनांचीं सख्खीं भावंडें शोभावीं अशीं आहेत. पण ब्रिटनमध्यें तीं आधीं हिरव्या व मग निळ्या अंगाचीं, टोंकांना काळ्या-पिवळ्या तिरप्या पट्ट्यांचीं झालीं, तर डचांकडे त्यांनीं पिवळा व करडा पोशाख चढविला. ऑस्ट्रियांत जावें तर तेथील शंटिंग इंजिनें एके काळीं रक्तवर्णी नारिंगाच्या रंगाचीं होतीं. तेव्हां परका रंग दिसला म्हणजे तो चुकीचाच, असें मानणें म्हणजे इरकली पाहून ‘ही पैठणी बिघडली’ म्हणण्यासारखें आहे.

मुक्कामीं मेहुण्यांच्या घरीं खिडकीशीं बसून आम्हीं भिंग काढलें. अशी ओळख पटवूं पाहणाऱ्या वाचकांसाठीं आमचा क्रम सांगतों. प्रथम रंग कारखान्याचा कीं घरगुती, तें पाहावें. मागाहून रंग फासलेला असेल तर बारीक अक्षरें बुजतात, खांचाखोंचा भरतात आणि पट्ट्याची कड थरथरते. आमच्या इंजिनाची कड सुतांत होती. दुसरें, बोधचिन्ह. भिंगाखालीं लंबवर्तुळांत एकच रोमन अक्षर दिसलें: बी. हें बेल्जियमच्या राष्ट्रीय रेल्वेचें चिन्ह. हेन्री व्हान द वेल्ड ह्या प्रसिद्ध कलावंतानें तें 1936 सालीं रेखिलें. आणि बेल्जियमनें 1960 नंतरच्या वर्षांत ह्याच जर्मन नमुन्यावरून आपल्या देशांत शंटिंग इंजिनें बांधून घेतलीं होतीं! तिसरें, क्रमांक. त्या रेल्वेनें 1971 च्या आरंभीं सर्व इंजिनांना नवे क्रमांक दिले, तेव्हां हीं 260 ह्या वर्गांतून 80 ह्या वर्गांत आलीं. आमच्या इंजिनावर 80 नें आरंभ होणारे चार आंकडे होते. म्हणजे खेळणें 1971 च्या पुढल्या रूपाचें. जर्मन इंजिनांवर क्रमांकाशेवटीं आडव्या रेघेपुढें एक तपासणीचा आंकडा 1968 पासून असतो. तो येथें नव्हता.

चौथी खबरदारीही सांगितली पाहिजे. खेळण्यांचे कारखाने जाहिरातीखातर कधीं कधीं अशाही रंगांत इंजिनें काढतात, जीं खऱ्या रुळांवर कधीं धांवलींच नाहींत. म्हणून रंग, चिन्ह आणि क्रमांक ह्या तिघांची साक्ष जुळल्यावांचून निकाल देऊं नये. येथें तिन्ही जुळल्या.

तरीही वकिली शंका राहतेच. बेल्जियमचें इंजिन जर्मनीच्या दुकानांतही मिळूं शकतें. खेळण्यावरून त्या देशाची ओळख पटली. काका तेथें गेले होते असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. कबनुरास परत आल्यावर मीं हें सारें काकूंना सांगितलें. ‘बेल्जियम’ हें नांव ऐकून त्या थबकल्या. “ते ईपर, ईपर म्हणून कांहीं सांगत असत,” त्या म्हणाल्या. “मला वाटे, तो मागाचाच एखादा भाग असेल.”

मुलगा धांवत ट्रंकेकडे गेला. मागाच्या चित्रांच्या कोपऱ्यांत एक छापील शब्द होता. तो आम्हीं आधीं ‘लेपर’ असा वाचून सोडून दिला होता. पहिलें अक्षर एल नव्हे, मोठें आय होतें. ईपर! बेल्जियमचें हें जुनें विणकरांचें गांव. तेथील तेराव्या शतकांतली कापडाची प्रचंड वखार पहिल्या महायुद्धांत ढांसळली आणि पुन्हा बांधून 1967 सालीं पुरी झाली. 1914 च्या शरदांत आपल्याकडील शिपाईही ह्या गांवाच्या परिसरांत लढले, आणि तेथल्या मेनिन वेशीवर त्यांतील अनेकांचीं नांवें कोरलेलीं आहेत. पिकानोल ही मागांची कंपनी 1936 सालीं निघाली ती ह्याच ईपरची. तिचे बिनधोट्याचे माग आज इचलकरंजींत चालतात.

चित्रांवर काकांच्या हातची तारीख होती. एकेक कागद आम्हीं क्रमानें जमिनीवर मांडला. वाढलेल्या तीन आठवड्यांतला, रविवार वगळतां, एकही दिवस रिकामा नव्हता. आजी गेली त्या दिवशींचाही कागद होता. त्यावर मागाच्या दांत्याचें मोठें सुबक चित्र आहे.

“तार जर्मनीच्या पत्त्यावर गेली होती,” काकू हळूच म्हणाल्या. मग बऱ्याच वेळानें, “त्यांनीं सांगितलं होतं रे सगळं. पण तेव्हां घरांत ऐकून घ्यायला कुणाला अवसान होतं?”

थोरल्या काकांचें वय आज नव्वदीच्या घरांत आहे. तो मूळ बोल त्यांचाच. त्यांनीं चष्मा लावून सगळे कागद पाहिले, कांहीं बोलले नाहींत. पण सायंकाळीं देवापाशीं दिवा लागल्यावर त्यांनीं तें इंजिन मागून घेतलें आणि आपल्या हातानें धाकट्या भावाच्या तसबिरीखालीं ठेविलें.

मुलानें लाल रंगाची डबी परत कपाटांत टाकली आहे. इंजिनाजवळ त्यानें आपल्या अक्षरांत चिठ्ठी लाविली आहे: ‘बेल्जियम. शंटिंगचें इंजिन. रंग बरोबर आहे.’