सालामांकातलं जेवणाचं टेबल



“स्पेनला शिकायला गेलीस, मग खाण्याचं काय केलंस?” हा प्रश्न मला आजही विचारतात. ज्यांची मुलं परदेशी निघाली आहेत, त्या तर हमखास विचारतात. म्हणून आज त्याबद्दल.

मी स्पॅनिश शिकायला एक वर्ष सालामांकाला होते. तिथलं विद्यापीठ १२१८ सालचं. आंतोनियो दे नेब्रिखाचं स्पॅनिश व्याकरण १४९२ मध्ये याच गावात छापलं गेलं. राहायला मी एका स्पॅनिश कुटुंबात होते.

“मी मांस खात नाही” एवढ्यावर तिथे भागत नाही. सॅलडमध्ये ट्यूना मासा आणि उकडलेलं अंडं येतं, मसुराच्या आमटीत चोरीसो म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज. तोर्तियात अंडं आणि बटाटा दोन्ही! वर्गात ‘नी… नी…’ ही नकाराची रचना शिकवली, त्याच दिवशी मी वाक्य पाठ केलं: नी कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन, नी उएवो. मांस नाही, मासे नाहीत, हॅम नाही, अंडंही नाही. त्यापुढे कांदा, लसूण, बटाटा. सालामांकाजवळच्या ला आर्मुन्या भागातला मसूर प्रसिद्ध आहे. घरमालकीणबाई तो माझ्यासाठी नुसता टोमॅटो, मीठ आणि ऑलिव्ह तेल घालून शिजवू लागल्या.

खरी अडचण सूर्यास्ताची होती. स्पेनचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे चालतं. जूनमध्ये तिथे जवळजवळ दहाला सूर्य मावळतो, त्यामुळे नऊचं जेवणही दिवसाउजेडी होतं. डिसेंबरात मात्र सहाच्या सुमारास सूर्यास्त, आणि घरचे जेवणार नऊलाच.

मी आधी जेवून घ्यायची. बाईंचा चेहरा उतरायचा. आपल्या हातचं हिला आवडत नाही, असं त्यांना वाटायचं. आणि भाषा तर त्या टेबलावरच बोलली जायची! मी त्यांना म्हटलं, “रात्री न जेवणं हा आमचा नियम आहे. सूक्ष्म जीवांनाही इजा होऊ नये म्हणून. पण मी तुमच्याजवळ बसेन.” त्या म्हणाल्या, “मग बस की!”

जेवण झाल्यावर गप्पा मारत तिथेच बसून राहण्याला स्पॅनिशमध्ये ‘सोब्रेमेसा’ म्हणतात. माझा हिवाळा त्यातच गेला. बाई लहानपणच्या गोष्टी सांगायच्या. ‘एकदा घडलं’ आणि ‘नेहमी घडायचं’ यांसाठी स्पॅनिशमध्ये क्रियापदाची वेगवेगळी रूपं आहेत. पुस्तकात ती घोटूनही मला जमत नव्हती, बाईंच्या आजीच्या गोष्टींतून ती आपोआप बसली. पुढे पुढे माझ्या जागी त्या ताट मांडायच्या नाहीत, पण खुर्ची ओढून ठेवायच्या.

मुलांना परदेशी पाठवताना खाकरे आणि मेतकूट जरूर द्या. पण आपला नियम दोन वाक्यांत, न चिडता, समोरच्याच्या भाषेत सांगायलाही शिकवा. आणि सांगा, ताट नको म्हटलंस तरी चालेल बाळा, पण पंगतीतून उठू नकोस.