शून्याचं कुलूप

साफ बंद पडलेला टेलिफोन हा तसा सरळमार्गी प्राणी. रिसीव्हर कानाला लावला की तो आपलं मरण निमूटपणे कबूल करतो. फसवा असतो तो अर्धवट चालणारा टेलिफोन. बाहेरून आलेला फोन तो खणखणीत वाजवतो, शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलू देतो, बाहेरची लाइन मागितली तर तीही देतो; आणि नंबर दाबून झाला की तोंड मिटून बसतो. अशा टेलिफोनची तक्रार तरी काय करायची?

२०२१ साली आमच्या कॉलेजात हाच प्रकार चालला होता. वर्ग ऑनलाइन भरत होते आणि मुलं आपापल्या गावी गेलेली. परीक्षेचे फॉर्म भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती, आणि माझ्या वर्गातल्या अकरा जणांचे फॉर्म आलेच नव्हते. माझ्या मोबाइलवरून केलेले फोन कुणी उचलीना. अनोळखी नंबर उचलू नये, हे शहाणपण आता खेडोपाडीही पोचलं आहे. कॉलेजचा नंबर मात्र घरोघरी लिहून ठेवलेला असतो. म्हणून मी आमच्या विभागातल्या टेलिफोनपाशी ठाण मांडलं.

आमच्याकडे बाहेरची लाइन घ्यायला आधी शून्य दाबावं लागतं आणि मग नंबर. तसं केलं की पलीकडून एक मंजुळ आवाज सांगे, ‘मोबाइल नंबरच्या आधी शून्य लावा.’ बरं, शून्याला आणखी एक शून्य जोडावं, तर लगेच एंगेज टोन! बाहेरचा म्हणे शून्य हवंच, आतला म्हणे शून्य चालायचंच नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी माझी गत झाली. आमच्या भाऊसाहेबांनी सगळा दोष टेलिफोन कंपनीच्या माथी मारला. कंपनीनं कळवलं, ‘लाइन चालू आहे.’ आणि ती खरोखरच चालू होती.

शेवटी टेलिफोनचा मेकॅनिक आला. पिशवी न उघडताच त्यानं चार प्रश्न विचारले. आतल्या आत फोन लागतो का? बाहेरून येतो का? बाहेरच्या लँडलाइनला जातो का? आणि मोबाइलला कुठल्याच टेबलावरून जात नाही, की याच टेबलावरून? पहिल्या तिन्हींना आम्ही ‘हो’ म्हणालो. चौथ्यासाठी तो प्राचार्यांच्या खोलीत गेला, आणि तिथून मोबाइल चटकन लागला! मुलांना वाक्यपृथक्करण शिकवताना मी याहून निराळं काय करते? कर्ता ठीक, कर्म ठीक. मग अडलंय कुठे, ते एकेक पद बाजूला काढून पाहायचं. चार प्रश्नांत तार निर्दोष ठरली, कंपनी सुटली आणि उरली ती फक्त परवानगी.

भानगड अशी होती. १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये देशातली पहिली एस.टी.डी. सेवा सुरू झाली. परगावी फोन करायचा तर आधी शून्य, हे तेव्हापासून आपल्या अंगवळणी पडलं. शून्य म्हणजे लांबचा फोन, आणि लांबचा फोन म्हणजे मोठं बिल. म्हणून कुणा काटकसरी माणसानं कॉलेजच्या एक्स्चेंजमध्ये नियम घालून ठेवला: प्राचार्यांखेरीज कुणाचाही शून्यानं सुरू होणारा नंबर बाहेर सोडायचा नाही. वर्षानुवर्षं तो नियम कुणाला टोचला नाही. पण नवे नंबर अपुरे पडू लागले आणि सुमारे अडीचशे कोटी नंबर मोकळे व्हावेत म्हणून सरकारनं १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावणं सक्तीचं केलं. त्या दिवशी आमच्या जुन्या नियमानं, बसल्या जागेवरून, देशातले सगळे मोबाइल परगावचे ठरवले.

‘एवढाच अपवाद करा ना,’ मी म्हटलं, ‘शून्यापुढे सहा, सात, आठ किंवा नऊ आला की तो मोबाइल समजायचा.’ तो हसला. ‘मग अहमदाबादचा ०७९ आणि बंगळूरचा ०८० यांचं काय करता, मॅडम?’ व्याकरणात उत्सर्ग आणि अपवाद यांचा संसार मी पुष्कळ पाहिला आहे. पण इथे अपवादाला वेगळी खोलीच नव्हती. त्यानं सरळ सगळं कुलूपच काढून टाकलं. परगावच्या फोनचं ते मोठं बिल तरी आता कुठे उरलं होतं!

आपोआप नंबर जोडणारं यंत्र काढलं ते अमेरिकेतल्या आल्मन स्ट्रोजर या अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या गृहस्थानं. एक्स्चेंजवरची बाई आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय होता म्हणतात. १८९१ साली त्याला पेटंट मिळालं आणि मधली बाई हळूहळू गेली. तिच्याबरोबर पक्षपात गेला हे खरं. पण ‘अहो, हा नंबर इथून लागायचा नाही, साहेबांच्या खोलीतून लावा’ असं सांगणारं माणूसही गेलं. यंत्र आपपरभाव करीत नाही, आणि कारणही सांगत नाही.

संध्याकाळपर्यंत नऊ जण सापडले. दहावी मुलगी शेतावर होती. फोन वडिलांनी घेतला. ‘कॉलेजचा नंबर दिसला म्हणून उचलला, मॅडम. इतके दिवस फोन नाही, तेव्हा पोरीचं नाव काढलं असं आम्ही धरून चाललो होतो.’ तिचा फॉर्म त्याच रात्री आला. अकराव्याच्या घरी नुसती घंटा वाजत राहिली. त्याचं ते वर्ष गेलं.

पूर्वी टेलिफोनच्या तबकडीला एक चिमुकलं पितळी कुलूप लावीत. पाहुण्यांना ते दिसे, थोडं लागेही. पण त्याच्यात एक सभ्यपणा होता. कुलूप दिसलं की माणूस निदान किल्ली कुणापाशी आहे, एवढं तरी विचारतो.