आईकडचा वारसा

आमच्या नाशिकच्या पांडवलेण्यांत, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. महाराजाची आई आणि महाराजाची आजी, अशी ती आपली ओळख सांगते. मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी. दोघांनाही नाव आईचे! वर्गात हे सांगताना मला नेहमीच मौज वाटते. पण आईकडून नावाखेरीज आणखी काय येते, हे मला गेल्या वर्षी कळले.

माझा एकोणीस वर्षांचा भाचा डोके दुखते म्हणून पडला, ओकला, त्याला आकडी आली आणि डाव्या बाजूचे दिसेनासे झाले. या वयात पक्षाघात? मेंदूचे चित्र काढले तर कुठे गुठळी नाही, आणि इजा झालेला भाग कोणा एका धमनीच्या हद्दीतलाही नाही. पुढे जनुकतपासणीत निदान झाले : मेलास. १९८४ साली हे नाव मिळालेला तंतुकणिकांचा आजार.

तंतुकणिका म्हणजे पेशीतल्या चुली. (मायटोकॉन्ड्रियाला हे नेटके मराठी नाव ज्याने दिले, त्याला माझा नमस्कार.) मेंदू वजनाने शरीराचा पन्नासावा हिस्सा, पण सरपण खातो पाचवा हिस्सा! चुली मंदावल्या की उपास त्यालाच आधी घडतो. त्यातून बारीक धमन्यांच्या भिंतींतही याच आजारी चुलींची दाटी होते. त्यांना सैल करणारे नायट्रिक ऑक्साइड कमी पडते, आणि गरजेच्या वेळी त्या रुंदावत नाहीत. म्हणून आर्जिनिन देतात. मुळावरचे औषध अजून नाही.

तंतुकणिका येतात आईकडून. डॉक्टरांनी हे सांगताच सासूबाईंनी ताईकडे असे काही पाहिले की मलाच मान खाली घालावी लागली. ताईला तरी त्या कुठून आल्या? आमची आई पन्नाशीतच बहिरी झाली, तिला मधुमेहही होता. हाच दोष कोणाला एवढाच शिवून जातो. एका आईच्या लेकरांतही त्याचा वाटा सारखा नसतो. मीही त्याच आईचा. दर वर्षी साखर आणि कान तपासून घेतो. माझ्या मुलीला माझ्याकडून हे जाणार नाही. ताईच्या मुलीचे तसे नाही.

परवा त्या सोळा वर्षांच्या पोरीने विचारले, “मामा, माझी तपासणी कधी?”

“अठरा पूर्ण होऊ देत,” ताईच म्हणाली, “मग तुझे तू ठरव.”

सासूबाई काही बोलल्या नाहीत. नातवाच्या गोळ्यांची वेळ झाली होती. त्या पाणी आणायला उठल्या.